स्पॉटिंग स्कोप कुठला घ्यावा? मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवडीच्या जेटीवर स्कोप (ट्रायपॉडवर बसवायची, लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण) लावून उभं राहिलं की दहा मिनिटांत कुणीतरी शेजारी येतं आणि विचारतं, "कुठल्या कंपनीचा? कितीला पडला?" माझ्या मते हे दोन प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचे. आधी भरती-ओहोटी, मग ट्रायपॉड, मग लोकलच्या गर्दीत आपला खांदा किती ओझं झेलतो ते, आणि त्यानंतर ब्रँड. खालचे प्रश्न याच क्रमाने नाहीत, पण उत्तरं हाच हिशेब धरून दिली आहेत. ब्रँडविषयीच वाचायचं असेल तर चौथ्या प्रश्नावर जा, पण तिसरा वगळू नका.

माझ्याकडे बायनॉक्युलर आहे. स्कोप लागतोच का?

कुठे फिरता त्यावर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा कर्नाळ्यात स्कोप म्हणजे नुसती हमाली. झाडीत पक्षी वीस-तीस मीटरवर असतो आणि स्कोप रोखेपर्यंत दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो. तिथे ८×४२चं बायनॉक्युलर पुरतं.

खाडीवरचा मामला वेगळा. शिवडी, ठाणे खाडी, भांडुप उदंचन केंद्र, सीवूड्सची पाणथळ, उरणकडचं पाणजे इथे पक्षी दोनशे-चारशे मीटरवर चिखलात पसरलेले असतात. रोहित (फ्लेमिंगो) ओळखायला काहीच लागत नाही. पण छोटा रोहित आणि मोठा रोहित मिसळलेले असतील, त्यांच्या पायाशी टिलवे, तुतवार, चिखल्या असे छोटे पाणपक्षी धावत असतील आणि तुम्हाला नावानिशी नोंद करायची असेल, तर स्कोपला पर्याय नाही. बायनॉक्युलरच अजून घेतलेलं नसेल, तर मात्र स्कोपचा विचार पुढच्या वर्षी करा.

२०-६०×८० या आकड्यांचा अर्थ काय?

पहिले दोन आकडे म्हणजे किती पट मोठं दिसणार: २० पटींपासून ६० पटींपर्यंत. शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंगाला पटींनी भागलं की मागून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी मिळते. ८० भागिले २० म्हणजे ४ मिलिमीटर, ८० भागिले ६० म्हणजे जेमतेम १.३. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणून ठिपका तेवढा असेल तोवर चित्र उजळ आणि निवांत दिसतं. त्याखाली गेलं की चित्र काळवंडतं आणि डोळा जरा हलला तरी सगळं गायब. हा एक भागाकार डोक्यात ठेवलात, तर दुकानदाराचं अर्धं बोलणं आपोआप गाळलं जातं.

मग ७५ पटींचा घेतला तर जास्त चांगला ना?

नाही. याच चुकीसाठी मी स्वतः पैसे मोजले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझा पहिला स्कोप ७५ पटींचा होता. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुललो. जानेवारीतल्या एका सकाळी साडेदहाला शिवडीला उभा राहिलो आणि झूम पूर्ण फिरवला. समोरचा रोहित तव्यावरच्या वाफेतून दिसावा तसा लवलवत होता. मान नागमोडी, पाय तुटक, चोच धड वरही नाही आणि खालीही नाही. फोकस फिरवून बोट दुखलं. शेवटी शेजारचे एक काका म्हणाले, "अहो, स्कोप बरा आहे, हवा बरी नाहीये. पंचवीसवर आणा." आणल्यावर पक्षी लहान झाला, पण पक्षी झाला.

ऊन चढलं की ओला चिखल, कोरडा बांध आणि पाणी वेगवेगळे तापतात. त्यांच्यावरच्या हवेचे गरम-गार थर एकमेकांत मिसळतात आणि प्रकाश त्यातून वाकतवाकत येतो. स्कोप पक्ष्यासोबत हे थरथरणंही तितक्याच पटींनी मोठं करून दाखवतो. तीन लाखांचं भिंगही यापुढे हात टेकतं. आपल्याकडे हिवाळ्यातही नऊ-साडेनऊनंतर खाडीवर ४० पटींच्या पुढचं सगळं बहुतेक वाया जातं. सकाळी लवकर, ढगाळ दिवशी किंवा पक्षी जवळ असताना ५०-६० पटींचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण केवळ त्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. माझा स्कोप दहापैकी आठ वेळा २० ते ३५ पटींच्या मध्येच असतो.

बरं, आता ब्रँड सांगा.

सांगतो. वरच्या पंगतीत चार नावं आहेत: ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की, जर्मनीच्या झाइस आणि लायका, आणि जपानची कोवा. यांच्या मोठ्या स्कोपमधलं चित्र इतकं जवळजवळ सारखं आहे की शिवडीच्या हवेत डोळे बांधून बसवलं तर मला तरी फरक सांगता येणार नाही. फरक आहे तो हाताळणीत.

स्वारोव्स्कीचा एटीएक्स जोडणीचा आहे. आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) भाग एक आणि पुढची नळी ६५, ८५, ९५ किंवा ११५ मिलिमीटरची, हवी ती. फोकस आणि झूमच्या कड्या एकमेकींना लागून असल्याने उडत्या पक्ष्यामागे जाताना बोटं शोधत बसावी लागत नाहीत. मोठ्या नळीसकट किंमत तीन लाखांच्या पुढे जाते आणि वजन दोन किलोच्या आसपास, ट्रायपॉड वेगळा. २०२२मध्ये त्यांनी एटीसी हा १७-४०×५६चा छोटा स्कोप काढला. तो एक किलोच्या आत आहे, आणि मुंबईसाठी त्यांचं मला सर्वांत पटलेलं मॉडेल तेच.

झाइसचा हार्पिया ८५ आणि ९५ मिलिमीटरमध्ये येतो. नेहमीच्या झूम आयपीसमध्ये पट कमी केले की दृश्य नळीतून पाहिल्यासारखं आक्रसतं. हार्पियात तसं होत नाही, २२-२३ पटींवरही कडेपर्यंत मोकळं दिसतं. थवा चाळायचा असेल तर हा फार मोठा आराम. लायकाचा एपीओ-टेलेविड ६५ आणि ८२ मिलिमीटरमध्ये, आयपीस २५-५० पटींचा. झूमची रेंज कागदावर कमी वाटते, पण दृश्य रुंद आहे, आणि आपल्या हवेत ५० पुष्कळ झाले.

कोवा हे माझं लाडकं नाव, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. (हीच कंपनी कोलेस्टेरॉलची गोळीही बनवते. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचा तिच्याशी दोन्हीकडून संबंध यायचा.) त्यांच्या टीएसएन-८८३च्या ८८ मिलिमीटर भिंगात फ्लोराइट स्फटिक आहे (तो रंगांची कड पुसतो, पुढच्या प्रश्नात सांगतो), आणि तेच फ्लोराइट त्यांनी टीएसएन-५५३ या १५-४५×५५च्या छोट्या स्कोपमध्येही घातलंय. वजन सुमारे ८१० ग्रॅम. डब्याच्या पिशवीत मावतो. स्वस्तही नाही, पण माझ्याकडे आज आहे तो हाच. फोकसची दोन चाकं आहेत, एक भरभर आणि एक सावकाश. फोटोला सावकाश चाक फार उपयोगी पडतं. याच घरातला टीएसएन-५०१ हा २०-४०×५०चा स्कोप फक्त ४०० ग्रॅमचा. त्यात फ्लोराइट नाही आणि संध्याकाळी तो लवकर दमतो, पण पहिला स्कोप म्हणून मी तो बेधडक सुचवतो.

मधल्या फळीत निकॉनचे मोनार्क ६०ईडी आणि ८२ईडी (ईडी म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच), तसेच व्होर्टेक्सचे रेझर आणि डायमंडबॅक. पैशाचं चीज मधल्या फळीतच जास्त होतं, हे माझं ठाम मत. स्वस्तातल्या स्कोपपासून मोनार्क किंवा रेझरपर्यंत आलात की चित्रात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. तिथून वरच्या पंगतीत जाताना तसा फरक दिसत नाही, खिशाला मात्र कळतो.

सेलेस्ट्रॉन हे नाव आकाशदर्शनवाल्यांमुळे ओळखीचं आहे. त्यांचा रीगल एम२ ८०ईडी बरा आहे, पण वजनदार. ९-२७×५६चा हमिंगबर्ड ईडी लहानखुरा आणि कमी पटींमुळे पक्षी पटकन सापडणारा. स्व्हबोनीसारख्या चिनी कंपन्यांचे ऑनलाइन मिळणारे स्कोप अगदीच टाकाऊ नाहीत. पण त्यांत एक नग छान आणि दुसरा धूसर असं होऊ शकतं, म्हणून परत करण्याची मुदत बघूनच घ्या.

ईडी काचेला इतकं महत्त्व का?

उन्हातला बगळा बघा. साध्या काचेत त्याच्या पांढऱ्या मानेला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवट कड दिसेल, कारण वेगवेगळे रंग एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत. ईडी काच किंवा फ्लोराइट ही कड बरीच पुसून टाकतं. आपल्याकडचं निम्मं काम पांढऱ्या पक्ष्यांशीच: बगळे, कुरव, सुरय, रोहित. कुरवाच्या पाठीचा राखाडी नेमका किती गडद यावर ओळख अडलेली असताना ती जांभळी कड जीव नकोसा करते. आणि फोनच्या फोटोत ती डोळ्याला दिसते त्याहून जास्त उठून दिसते. मोठं साधं भिंग की लहान ईडी भिंग असा प्रश्न पडला, तर लहान ईडी घ्या.

वाकड्या आयपीसचा की सरळ?

चार माणसांत फिरत असाल तर वाकडा. ट्रायपॉड सगळ्यांत बुटक्या माणसाच्या उंचीला लावा, बाकीचे वाकून बघतील. सरळ स्कोपात पक्षी सापडायला सोपा जातो आणि ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीत किंवा गाडीच्या काचेवर टेकवून बघताना तोच बरा. पण मी दहा वर्षांत बोटीतून स्कोपने धड काही पाहिलेलं नाही. बोट हलते.

ट्रायपॉड कुठलाही चालेल ना? घरात एक पडून आहे.

घरात पडून असलेला ट्रायपॉड साधारणपणे पडून राहण्याच्याच लायकीचा असतो. ३० पटींवर तुमच्या हाताचं थरथरणंही ३० पट होतं, शिवाय खाडीवरचा वारा. माझ्या पहिल्या ट्रायपॉडचं डोकं प्लॅस्टिकचं होतं. पक्षी मधोमध आणून खिट्टी आवळली की स्कोप बोटभर खाली बसायचा आणि पक्षी वरून निसटायचा. मग अंदाजाने आधीच वर धरून आवळायचं. वर्षभर मी हे कौशल्य समजत होतो.

घ्यायचं ते व्हिडिओचं फ्लुइड हेड, एका दांड्याने सगळीकडे मऊ फिरणारं. बॉल हेड नको, सोडलं की स्कोप नाक घासतो. एकूण बजेटचा पाचवा हिस्सा तरी ट्रायपॉड-हेडवर जाऊ द्या. कार्बन फायबर परवडलं तर लोकलने जाणाऱ्याचा खांदा दुवा देतो. मधला दांडा वर काढू नका, त्याऐवजी पाय लांब करा, आणि वारा असेल तर पाठपिशवी खालच्या हुकाला टांगा. शिवडीला रस्त्याकडेला उभे असाल तर ट्रक गेल्यावर दोन सेकंद थांबून मग क्लिक करा.

डिजिस्कोपिंग म्हणजे नेमकं काय?

स्कोपच्या आयपीसला कॅमेरा लावून फोटो काढणं. १९९९मध्ये मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी निकॉनचा छोटा डिजिटल कॅमेरा लायकाच्या स्कोपला टेकवून फोटो काढून बघितला आणि ही टूम जगभर पसरली. आता कॅमेऱ्याच्या जागी फोन आला.

हिशेब सोपा आहे. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २५ मिलिमीटर लेन्सइतकं दृश्य टिपतो. स्कोप २५ पटींवर असेल तर २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ मिलिमीटरची लेन्स लावल्यासारखं. ४० पटींवर हजार. पण पट वाढले की तो प्रकाशाचा ठिपका बारीक होतो. फोनच्या मुख्य लेन्सचं प्रत्यक्ष तोंड तीन-चार मिलिमीटरचं असतं. ८० मिलिमीटरचा स्कोप २५ पटींवर ३.२चा ठिपका देतो, म्हणजे फोनचं तोंड जवळपास भरतं. ६० पटींवर तोच प्रकाश जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतो, मग फोन शटर मंद करतो आणि फोटो हलतो. म्हणून चांगले फोटो झूमच्या खालच्या टोकालाच मिळतात.

माझ्या फोटोत मधे गोल आणि भोवती काळं येतं.

सगळ्यांचं येतं. आधी फोनचं कव्हर काढा. आयपीसची रबरी कडी चष्मेवाल्यासाठी करतो तशी आत दाबा. मग रिकाम्या आभाळाकडे रोखून फोन हळूहळू सरकवा. पडद्यावर चंद्रकोर दिसेल, ती भरत भरत पूर्ण गोल झाली आणि गोलाच्या कडा सगळीकडून सारख्याच कडक दिसल्या की लेन्स मधोमध आली. आता अडॅप्टर (फोन आयपीसवर धरून ठेवणारी पकड) आवळा. उरलेली काळी कड फोनच्या दीड-दोन पट झूमने बाहेर जाते. तीन लेन्सच्या फोनमध्ये मॅक्रो आणि आपोआप लेन्स बदलणं बंद करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी फोन दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि सगळं काळं होतं.

पक्षी पांढरा असेल तर पडद्यावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. नाहीतर बगळ्याच्या जागी पांढरं भोक. क्लिक बोटाने करू नका, दोन सेकंदांचा टायमर किंवा ब्लूटूथचं बटण वापरा. अडॅप्टर कंपनीचा असेल तर तो त्या स्कोपवर घट्ट बसतो. सगळ्या फोनना बसणारा चिमटेवाला स्वस्त पडतो, पण खिशातून काढला की दर वेळी चंद्रकोरीपासून सुरुवात.

आणि व्हिडिओ घ्या. एकदा पाणटिवळ्याच्या पायातल्या रंगीत पट्टीवर तीन अक्षरं होती. पहिली दोन वाचली, तिसरं 'सी' की 'जी' यावर आम्हा तिघांत भांडण. पक्षी सारखा पाय चिखलात खुपसत होता. घरी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ चित्र-चित्र सरकवला, तेव्हा एका ठिकाणी पाय पूर्ण वर आलेला सापडला. 'जी' होतं. अशी पट्टी दिसली की फोटोसकट बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. तो पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता ते त्यातून उलगडतं.

त्यापेक्षा निकॉनचा पी१००० हा लांब झूमचा कॅमेरा घेतला तर?

फक्त फोटोच हवे असतील तर घ्या, खरंच. ३००० मिलिमीटरपर्यंत पोचतो, वजन सुमारे १.४ किलो, अडॅप्टरची कटकट नाही. पण तासभर थवा चाळणं त्याच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यातून होत नाही, डोळे शिणतात. स्कोप बघण्यासाठी असतो, फोटो हा त्याचा जोडधंदा. आणि हवेची थरथर पी१०००लाही सोडत नाही.

शिवडीला किती वाजता जावं?

पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी सीवूड्स-भांडुपकडे निघून जातात. पूर्ण ओहोटीला चिखल इतका पसरतो की पक्षी ठिपके होतात. मधली वेळ साधायची, भरतीच्या साधारण दोन-तीन तास आधी किंवा नंतर. पाणी चढत असेल तर ते पक्ष्यांना हाकत तुमच्याकडे आणतं. भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, पण कोळीवाड्यातला हिशेबही चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

दुसरी गोष्ट उजेडाची. शिवडीचा चिखल पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तोंडावर, सगळे पक्षी काळ्या सावल्या. दुपारी उशिरा तो पाठीशी असतो. तेव्हा दुपारनंतरची भरती निवडा. ऐरोली मात्र खाडीच्या पलीकडच्या काठावर, तिथे सकाळ चांगली. रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे, पण टिलवे-तुतवार बघायचे तर एप्रिलच्या आत जा.

दुकानात तपासायचा कसा?

काउंटरवरच्या दिव्यात काहीच कळत नाही. स्कोप दाराबाहेर न्यायला सांगा आणि लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचा. आधी कमी पटींवर, मग पूर्ण. फोकसच्या एका नेमक्या जागी अक्षर चटकन कडक झालं पाहिजे. मागेपुढे करूनही "इथे बरं की तिथे" असा घोळ राहिला तर तो नग नको. त्याच मॉडेलचा दुसरा मागा. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. कडेची वर्तुळरेघ दिसत नसेल तर आयपीस तुमच्यासाठी नाही.

नातेवाइकाकरवी परदेशातून आणवायचा विचार सगळेच करतात. आधी हे विचारा की वॉरंटी भारतात चालते का आणि बिघडला तर पाठवायचा कुठे. कस्टम्सचा आकडाही किमतीत धरा. जुना घेताना पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, किमतीत घासाघीस न करता सरळ परत द्या.

पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून काय करायचं?

नायट्रोजन किंवा आर्गन भरलेला स्कोप आतून सुरक्षित असतो, बाहेरून नाही. जुलैत तो कपाटातल्या कापडी पिशवीत ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं. माझं एक आयपीस असंच गेलं. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, रंग बदलला की ते भाजून पुन्हा आत, एवढं पुरतं. खाडीवरून आल्यावर खारट थर ओल्या मऊ कापडाने टिपा, आधी ब्लोअरने धूळ उडवा. शर्टाच्या टोकाने पुसू नका. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर दोन मोसमांत खिट्ट्या गंजून बसतात.

सुरक्षारक्षक अडवतात का?

अधूनमधून. लांब नळी तीन पायांवर बघून माणूस दचकतो, त्यात नवल नाही. एका ठिकाणी मला अर्धा तास बसवून ठेवलं होतं. शेवटी रक्षकालाच म्हटलं, "दादा, एकदा बघा तरी." त्यांनी डोळा लावला, शेकाट्याचे लाल पाय बघितले, आणि आतल्या दुसऱ्या रक्षकाला हाक मारली. परवानगी मात्र त्या दिवशी मिळाली नाहीच. काही जागांना आधी लेखी परवानगी लागते, तेव्हा चौकशी करून निघा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.